ताईच्या तोंडची चव

४ ऑक्टोबर

ताई,

‘प्रिय’ लिहायला पेन टेकवलं आणि परत उचललं. तेव्हा आज नुसतं ताई.

बाबा गेल्याचं कळवलं, त्याला तुझ्याकडून एक ओळ आली नाही. तेव्हाच कानाला खडा लावला होता की आपणहून पत्र म्हणून टाकायचं नाही. आज तो खडा काढावा लागतोय, कारण प्रकरण माझ्या पोटावर आलंय. तुझ्या चहाची चव माझ्या तोंडात येते. ती बंद कर.

हसू नकोस. आधी ऐक.

मागच्या आठवड्यात कंपनीत सकाळची ओळ पारखणं चालू होतं. नेहमीचंच सगळं. पांढऱ्या टेबलावर झाकणाचे कप, पुढे वाट्या, वाट्यांत उतरवलेला चहा, झाकणांवर उलटी काढलेली ओली पत्ती. मी चमचा भरला, सुर्र करून ओढला, जिभेवर फिरवला आणि तस्तात थुंकला. साधा काळा चहा होता, रंगाला उजळ, थोडा तुरट, जरा उशिरा तोडलेला. शेरा मनात धरला, चूळ भरली आणि पुढच्या वाटीकडे वळले. तोंड रिकामं होतं. त्या रिकाम्या तोंडात चहा आला.

धुरी दिलेला, जाड, साखर ओतलेली, वर मिठाची चिमूट. आणि डावीकडे मागे धातूची चव, खिळा चोखल्यासारखी. माझ्या एकाही दाढेत चांदी नाही. तुझ्या आहे. ती भरून घेतलीस त्या दिवशी दवाखान्यातून थेट टेबलावर येऊन बसली होतीस आणि ओळीतल्या एकूण एक चहाला ‘पत्र्याचा वास’ असा शेरा मारला होतास. चहात मीठ घालणारी बाईही मला दुसरी माहीत नाही. कडूपणा मरतो म्हणायचीस. माझ्या मते चहाच मरतो, पण ते असो.

आणि पाणी. पाणी जड होतं, चुन्याचं. आपल्याकडचं नाही. तुमच्या डोंगरात असंच पाणी असणार. भावोजी पंप दुरुस्त करतात, त्यांना विचार नळ्यांत चुना साचतो की नाही.

मी काय केलं म्हणतेस? आपल्याला शिकवलंय तेच. थुंकले. चव गेली.

तेव्हापासून रोज दुपारी येते. कंपनीत तुझ्यानंतर मला जोड मिळाली नाही. बाकीचे अजून जोडीजोडीनं समोरासमोर बसतात, आपापला शेरा मनात ठेवतात आणि शेवटी एकदम बोलतात. तुझ्या खुर्चीवर पाणी उकळणाऱ्या मावशी आता फडकी वाळत घालतात. आपले शेरे जुळायचे तेव्हा साहेब म्हणायचे, “दोघींना दोन पगार कशाला देतो मी? जीभ तर एकच आहे.” आठवतं? त्यांना अजून आम्ही पाठीमागे जिभल्याच म्हणतो. जिभल्या या महिनाअखेरीस निवृत्त होतायत. त्यांच्या जागी कोण, हे मोठ्या पारखीत ठरणार. त्या टेबलावर मला माझी जीभ पूर्ण हवी आहे, अर्धी तुझ्या धुरकट चहाला देऊन चालणार नाही. माझ्याकडे दुसरं आहेच काय?

तेव्हा हे काय आहे ते मला माहीत नाही, पण तू जे करतेस ते थांबव. निदान मीठ तरी कमी कर.

ठमी

११ ऑक्टोबर

ताई,

उत्तर नाहीच. मूग गिळून बसायची तुझी सवय गेलेली नाही.

पण चहा मात्र बदलायला लागलेत. सोमवारी हिरवा आला. कुणी केला होता देव जाणे, उकळतं पाणी थेट पत्तीवर ओतलं होतं. शिजवून विसरलेल्या पाल्याची चव. त्यातही मीठ. दुसऱ्या दिवशी फुलांचा, इतका सुवासिक की साबण चघळतेय असं वाटलं. तो मात्र वाईट नव्हता, खाली पत्ती चांगली होती, कोवळी, फुलांनी तिचा गळा दाबला एवढंच. मग एक जुनवलेला, दाबून वड्या केलेल्यातला, बंद तळघरात ओल्या पायऱ्या उतरत जावं तशी चव. तो मी अंमळ ठेवला जिभेवर. खोटं कशाला बोलू, असा चहा आमच्या टेबलावर कधी आला नाही. मग थुंकले.

एवढे चहा तू कधीपासून प्यायला लागलीस? आणि अशी भटकत कुठे निघालीस?

कारण पाणी बदलतंय. ते मला कळतं, माझ्यापासून ते लपवता यायचं नाही. आधी चुन्याचं. मग नदीचं, गाळून घेतलेलं, तरी तळाशी मातीचा मऊपणा. काल लोखंडी टाकीतलं. जी बाई एका जागी बसून चहा पिते तिच्या कपात इतकं वेगवेगळं पाणी येत नाही. तू प्रवासात आहेस, आणि वाटेत जिथे चहा मिळेल तिथे थांबतेस.

कालचं ऐक. बसमध्ये बसले होते आणि चव आली. रुमाल पर्समध्ये तळाला. मी तोंड मिटून, गाल फुगवून पर्स उपसतेय, शेजारची बाई माझ्याकडे बघतेय. शेवटी रुमालात थुंकले. तिने विचारलं, “बरं वाटत नाहीये का?” मी म्हटलं, “बहिणीचा चहा आवडला नाही.” तिने पिशवी उचलली आणि पुढे जाऊन उभी राहिली. रिकामी सीट सोडून!

रुमाल कोरडा होता, ताई. चहाचा डागसुद्धा नव्हता.

येणार असलीस तर तसं कळव. मी ते जुनं घर सोडलं, पाकिटामागे नवा पत्ता आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघराला खिडकी आहे. तुझ्यासाठी गादी विकत घ्यावी लागेल, तर आधी सांगितलंस तर बरं.

रागावले आहेच मी. पण येणार असलीस तर ये.

ठमी

१५ ऑक्टोबर

ताई,

काल घोळ झाला आणि तो तुझ्यामुळे झाला.

मी चमच्यानं ओढते आणि थुंकते. चहा पारखणारी माणसं चहा पीत नाहीत, हे बाहेर कुणाला पटत नाही. तुला सांगायला नको. मी तर घरीही पीत नाही. कितीतरी वर्षांत माझ्या घशाखाली चहाचा घोट गेला नव्हता. काल गेला.

तुझीच चव आली होती, ओळीच्या मध्यावर. दुधाचा, पातळ, पेल्याला आधीच्या चहाचा वास. मी तस्ताकडे वळतच होते, तेवढ्यात मावशींच्या हातून झाकणांचा ट्रे पडला. फरशीवर असा खणखणाट झाला की मी दचकले आणि गिळला. नसलेला चहा गिळला! घशातून खाली जाताना गरम लागला.

त्यानंतर काही नाही. पुढची वाटी ओढली तर नुसतं गरम. त्याच्या पुढची, तेच. जीभ सुन्न नव्हती, चमच्याची कड लागत होती, पण चव म्हणून जे असतं ते कुणीतरी उचलून नेल्यासारखं. मी पत्तीचा रंग बघून, वास घेऊन शेरे दिले. वास थोडा यायचा, पण लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा.

संध्याकाळी जिभल्यांनी बोलावून घेतलं.

“सातव्या वाटीला तू चांगला म्हणालीस.”

“हो, साहेब.”

“बुरशी होती त्यात. ओल लागलेलं पोतं. मावशींनाही वास आला. तुला नाही आला?”

“सर्दी झालीये, साहेब.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “हे बघ, या खुर्चीसाठी मी तुझं नाव दिलंय. वर बसलेल्यांना तू नको आहेस, त्यांना त्यांचा माणूस हवाय. मोठ्या पारखीत एकही शेरा चुकला तर मी काही करू शकणार नाही. जीभ सांभाळ.”

आज सकाळी चव परत आली. पहिला चमचा जिभेवर तुरट लागला तेव्हा मला रडू फुटलं आणि मावशी म्हणाल्या, “एवढं काय कडू आहे त्यात?”

आता मला एवढं कळलंय की थुंकला तर चव माझी राहते आणि गिळला की जाते. कुठे जाते ते माहीत नाही. पुन्हा असं होऊ देणार नाही. तू कुठेही जा, कुठलाही चहा पी, पण मला यातून सोड. हात जोडते.

ठमी

१९ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र कुठे टाकू?

काल कंपनीत फोन आला. “तुम्ही ठमी ना?” असं एका पुरुषाने विचारलं. “ती ठमीच म्हणायची, खरं नाव मला पटकन आठवेना.” मी भावोजींचा आवाज कधी ऐकलेला नव्हता. खोल, सावकाश आवाज.

मी म्हटलं, “भावोजी, आधी ताईला फोन द्या. मला तिच्याशी भांडायचंय.”

ते म्हणाले, “म्हणजे तुम्हाला कळलंच नाही. मी बाबांच्या पत्त्यावर कळवलं होतं.”

“ते घर मी सोडलं. काय कळवलं होतं?”

“ती गेली. ऑगस्ट संपता संपता.”

मी भिंतीला टेकले. समोर मावशी कप पुसत होत्या आणि त्यांनी एकदा माझ्याकडे बघून फडकं खाली ठेवलं. मला आठवतंय ते असं तुटक.

ते म्हणाले, “तुमची पत्रं आली तेव्हा पत्ता कळला. पहिलं उघडलं. चहाचं काहीतरी लिहिलंय, मला समजलं नाही. पण चवीचं वाचून वाटलं, तिची चव गेली होती हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

मी म्हटलं, मला कुणी काही सांगितलेलं नाही.

तर त्यांनी सांगितलं. तू टेबल सोडून गेलीस त्याच्या आधीपासून तुझी चव कमी होत चालली होती. डॉक्टरांना त्याचं नाव सापडलं, औषध सापडलं नाही. शेवटची दोन वर्षं माझ्यासमोर बसून तू वाटीतलं काही ओळखत नव्हतीस. माझा चेहरा बघून शेरा द्यायचीस. मी नाक मुरडलं की तू ‘आंबूस’ म्हणायचीस आणि मी खूश व्हायचे की जुळलं! मग त्या वर्षीच्या मोठ्या पारखीत आपल्याला वेगवेगळ्या टेबलांवर बसवणार असं कळलं, आणि त्याच दिवशी एप्रन खुंटीला लावून तू गेलीस. मी इतकी वर्षं समजत होते की एका पंपवाल्यासाठी तू मला आणि बाबांना सोडून गेलीस.

“बाबा गेल्याचं पत्र मिळालं होतं,” भावोजी म्हणाले. “निघाली होती. मी गाडीत बसवून दिली. रात्रीच्या आत परत आली. म्हणाली, ठमीच्या समोर बसले की तिला कळणार. फार लाज होती तिला त्याची. मी खूप समजावलं. शेवटी शेवटी मीठ तेवढं लागायचं तिला. बोटाला लावून चाटायची. एक घोट चहा कळू दे, मग मेले तरी चालेल, असं म्हणायची. रोज करायचो मी. रोज म्हणायची, कागद लागतोय.”

मी त्यांना चवीचं सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे सगळं बरं ना?” मी म्हटलं, बरं आहे.

फोन ठेवला आणि चव आली. मीठ, चांदी, दुधाचा कडक चहा, स्टेशनवरच्या मोठ्या पिंपातला, तळाशी करपलेला. मी ओंजळीत थुंकले, ताई. बातमी ऐकून दोन मिनिटं झाली नसतील, आणि मी तुझा घोट थुंकून टाकला. हात आपोआप तोंडाकडे जातो.

तू गेलीस याचं दुःख मला अजून झालेलंच नाही. तू चहा पीत येते आहेस, मग दुःख कसलं करायचं? मला भीती वाटते.

ठमी

२२ ऑक्टोबर

ताई,

पत्र लिहायची सवय झाली म्हणून लिहितेय. पाकीट उशाखाली ठेवते.

आता तुझं पाणी आमचं पाणी आहे. क्लोरीन, आणि त्यामागे जुन्या नळाचा गंज. या शहरात राहणाऱ्याला ते कळत नाही, मला कळतं. परवा तू नदीपलीकडे होतीस, तिकडे क्लोरीन कमी. काल अलीकडे.

आज दुपारी आलेला चहा मी ओळखला. आमच्या गल्लीच्या टोकाला एक टपरी आहे, तो माणूस साखर आधी करपवून घेतो. तशी चव दुसरीकडे कुठे नाही. मी वहाणा घालून धावत खाली गेले.

टपरीवाल्याला विचारलं, “आत्ता कुणी बाई आली होती का, चहाला?”

“बायका येतात की. कशी दिसायला?”

मला सांगता येईना. तू आता कशी दिसतेस? म्हटलं, “मीठ मागितलं असेल.”

तो हसला. “चहात मीठ? नाही बुवा.” मग कपाळाला आठ्या घालून म्हणाला, “तुम्ही त्या कपाचं विचारताय का? हा बघा.”

फळीच्या कोपऱ्यात एक कप ठेवलेला होता. काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली, कुणी तोंड न लावलेला.

“सकाळपासून तिसरा,” तो म्हणाला. “मी ओतलेला आठवत नाही, कुणी मागितलेला आठवत नाही. वळून बघावं तर भरून ठेवलेला. तुम्हाला हवा का? थंड झालाय.”

मी नको म्हटलं. जिना चढताना कळलं. तू पीत नाहीस. तुला पिताच येत नाही. तू कपाजवळ जातेस, चव उचलतेस, पण ठेवायला जीभ नाही म्हणून ती माझ्या जिभेवर ठेवतेस. शेरे जुळायचे ना आपले. आणि मी दर वेळी ती तस्तात टाकते. डोंगरापासून इथपर्यंत तू एवढे चहा मिळवलेस, धुरी दिलेला, फुलांचा, तळघरातला, आणि एकही घोट तुला लाभू दिला नाही मी.

त्या दिवशी चुकून गिळला तो एकच तुला मिळाला असेल. पातळ दुधाचा, वास मारणारा. तो तरी कशाला मिळावा!

ठमी

२५ ऑक्टोबर

ताई,

सकाळी टेबलावर बसले तर तुझ्या खुर्चीवरची फडकी जमिनीवर पडलेली होती. मावशी म्हणाल्या, खिडकी उघडी राहिली असेल. खिडकी त्यांनीच बंद केली होती, मी बघितलं होतं.

पहिल्या वाटीचा चमचा ओढला आणि तो मला दोनदा लागला. एकदा जसा आहे तसा. आणि लगेच मागून पुन्हा, मीठ आणि चांदीसकट. दुसऱ्या वाटीला तेच. तू समोर बसून माझ्याबरोबर ओळ पारखत होतीस. मी दर वाटीला दोनदा थुंकत होते. जिभल्या दारातून बघत होते आणि शेवटी म्हणाले, “आज घरी जा. सोमवारी ताजी होऊन ये. सोमवारी मला तू हवी आहेस.”

घरी आले. भर दुपार, ऊन जिन्यात आलेलं. तिसऱ्या मजल्यावर कुलपाला किल्ली लावली आणि चहा आला.

माझ्या नळाचं पाणी. बाबांसाठी आणलेल्या डब्यातली शेवटची पत्ती, आता जुनी, कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेली. तो वास फक्त माझ्या कपाटात आहे. मी बाहेर उभी होते, कुलूप अजून उघडलं नव्हतं, आणि आत माझ्या घरात चहा झाला होता.

तशीच उभी राहिले. शेजारच्या काकू कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आल्या. “किल्ली लागत नाहीये का?”

“लागते,” मी म्हटलं. “काकू, आत काही आवाज आला का तुम्हाला?”

“मघाशी कुणीतरी कप मांडत होतं. मला वाटलं तू आलीस.”

त्या निघून गेल्या. चव तोंडात होती. मी कुलूप उघडलं, आत गेले. गॅस थंड. किटली उपडी, कोरडी. डब्याचं झाकण घट्ट. टेबलावर मात्र दोन कप समोरासमोर, दोन्ही रिकामे, दांडे एकाच बाजूला वळवलेले. आपण ओळ लावायचो तसे.

मी बेसिनकडे गेले आणि थुंकले.

बोलून टाकते. मला माझी जीभ द्यायची नाहीये. एक घोट गेला तर सकाळपर्यंत चव गेली. अख्खा कप प्यायले तर ती परत येणार नाही, हे मला न सांगता कळतं. मग मी कोण? सोमवारी पारख आहे. ती खुर्ची माझी आहे, मी बाबांची आजारपणं काढत ती कमावलीय. तू लपवलंस, निघून गेलीस, आणि आता माझ्याकडे मागायला आलीस. सांगितलं असतंस तर मी दोघींचे शेरे एकटीनं दिले असते, जन्मभर दिले असते, कुणाला कळलंही नसतं. का नाही सांगितलंस?

मी दार लावून बाहेरच्या खोलीत बसले आहे. स्वयंपाकघरात कुणी नाही. मी तिकडे जात नाहीये.

ठमी

२७ ऑक्टोबर, रविवार

ताई,

हे स्वयंपाकघरात बसून लिहितेय. ऊन टेबलावर आलंय. तू समोर आहेस असं धरून चालते.

काल दिवसभर काही आलं नाही. मी वाट बघत होते आणि तोंड कोरडं. मला वाटलं गेलीस, सुटले. दुपारी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. मला इतकं एकटं बाबा गेले तेव्हाही वाटलं नव्हतं. संध्याकाळी हळूच आलं, चहा नव्हताच, नुसतं मीठ. बोटाला लावून चाटल्यासारखं. तेवढंच, आणि बराच वेळ.

तेव्हा माझा सगळा आव गळून पडला. भावोजी रोज करायचे आणि तुला कागद लागायचा. एका घोटाची तहान घेऊन जी गेली तिला दारात उभं ठेवून मी कुठली खुर्ची मिळवणार आहे? राग गेलेला नाही. पण राग ठेवूनही चहा देता येतो.

सकाळी जाऊन पत्ती घेऊन आले. डब्यातली तुला देणार नव्हते. कंपनीतली नाही, दुकानातून, पैसे देऊन, कोवळी, पहिल्या तोडणीची. पाणी उकळी फुटताच उतरवलं. जितकं मुरायला हवं तितकंच मुरू दिलं. तुझ्या कपात मीठ घातलं. मग माझ्याही कपात घातलं, कारण प्यायचं मलाच आहे.

सोमवारी, म्हणजे उद्याच, मी जिभल्यांना सांगणार आहे की साहेब, मला आता काही कळत नाही. ते चष्मा पुसतील. वर बसलेल्यांच्या माणसाला खुर्ची मिळेल. पुढे काय करायचं ते मी ठरवलेलं नाही. मावशींबरोबर कप पुसेन, नाहीतर दुसरं काही बघेन.

पहिला घोट घेतला. थुंकायला मान वळली होती, मी ती धरून ठेवली. गिळला. ताई, इतका सुंदर चहा मी आजवर जिभेवर घेतलेला नाही. आणि मिठाबद्दल तू बरोबर होतीस, कडूपणा जातो आणि मागे पत्तीचा गोडवा राहतो. एवढी वर्षं तुला हसले.

दुसरा घोट. गोडवा गेला. तुरटपणा आहे.

समोर सुर्र झालं. मी बघत नाहीये, कागदाकडे बघतेय. तसं ओढायला आपल्याला एकाच माणसाने शिकवलं, तो आवाज मी कुठेही ओळखेन. नंतर थुंकल्याचा आवाज येतो, त्याची मी वाट बघितली. तो आला नाही.

तिसरा. तुरटपणा गेला. मीठ थोडं आहे, चांदी अजिबात नाही.

पुन्हा सुर्र. सावकाश. घाई करू नकोस, कप भरलेला आहे, मी उठून जात नाही.

मीठही गेलं. अर्धा कप उरलाय, तो मी संपवणार आहे. वास येत नाही. हाताला कप लागतो, ओठांना कड लागते, घशातून खाली उतरताना कळतं. मला आता नुसतं गरम लागतंय.

कसा झालाय, ताई?